कार्बन नॅनोट्यूब आणि शरीरातली एन्झाइम्स : विघटन झालं हे ठरवायचं कसं?

सिंदफणा

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात ‘एन्झाइमनं कार्बन नॅनोट्यूबचं विघटन’ हा विषय घ्यायचाय. बेत असा: कार्बॉक्सिल गट लावलेल्या एकपदरी नळ्या (म्हणजे कार्बनच्या एकाच थराच्या नॅनोट्यूब) १ मिलिग्रॅम, १० मिलिलिटर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७. त्यात हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज, म्हणजे एचआरपी. रोज एकदा हायड्रोजन पेरॉक्साइड, बाटलीतली तीव्रता ४० मायक्रोमोलर होईल इतकं. ४ अंशांवर, अंधारात, न हलवता १२ आठवडे. हा साचा पिट्सबर्ग विद्यापीठातल्या व्हॅलेरियन कागन आणि अलेक्झांडर स्टार यांच्या गटाच्या २००८ च्या कामावरून घेतलाय.

विभागात प्रकाशाचं शोषण मोजणारा, ११०० नॅनोमीटरपर्यंत जाणारा यूव्ही-व्हिजिबल आहे. रामन वर्णपट विनंती करून मिळतो. टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, दोन-तीन नमुन्यांपुरतंच.

विचारायचंय ते हे: शोषण उतरलं की ‘विघटन झालं’ असं लिहिता येईल का? आणि हे तर झाडाचं एन्झाइम. माणसाच्या अंगातलं कोणतं, आणि ते वापरायचं तर काय काय बदलावं लागतं?

गोदातीर

बाकी सगळं नंतर, आधी हिशोब बघा. या बेताला पहिला अडथळा तिथंच आहे.

१ मिलिग्रॅम कार्बन म्हणजे ८३ मायक्रोमोल अणू. एका कार्बन अणूचा कार्बन डायऑक्साइड करायला पेरॉक्साइडचे दोन रेणू लागतात. म्हणजे पूर्ण विघटनाला साधारण १६७ मायक्रोमोल पेरॉक्साइड हवं. तुमचा एक डोस: ४० मायक्रोमोलर गुणिले १० मिलिलिटर, म्हणजे ०.४ मायक्रोमोल. ८४ दिवसांत झाले ३३.६ मायक्रोमोल. एन्झाइमनं एकही रेणू वाया घालवला नाही असं धरलं तरी १ मिलिग्रॅममधला जेमतेम पाचवा हिस्सा संपेल. हवेतला ऑक्सिजन मूलकांच्या (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंच्या) साखळीत थोडा हातभार लावू शकतो, पण त्याच्या भरवशावर बेत आखायचा नसतो.

म्हणून नळ्या दहापट कमी करा: ०.१ मिलिग्रॅम, १० मिलिलिटरमध्ये. मग १६.७ मायक्रोमोल पुरतं, म्हणजे ४२ डोस. १२ आठवड्यांत दुप्पट वाव राहतो. मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम एवढ्या तीव्रतेला शोषणही नीट वाचता येतं.

‘डोस वाढवू का’ असं मनात येईल. वाढवू नका. पेरॉक्साइड जास्त झालं की एचआरपीचं हीम, म्हणजे त्यातला लोह असलेला भाग, स्वतःच जळतं. ४०३ नॅनोमीटरवरचं त्याचं शोषणाचं शिखर बसत जातं आणि दोन दिवसांत एन्झाइम मेलेलं असतं. थोडं आणि वारंवार, हाच या प्रयोगाचा गाभा आहे.

मांजराकाठ

गोदातीर सरांच्या हिशोबात ओतण्याची एक गोष्ट जोडते. ८ मिलिमोलरचा साठा करून १० मिलिलिटरच्या बाटलीत रोज ५० मायक्रोलिटर घातलं, तर ८४ दिवसांत ४.२ मिलिलिटर पाणी आत गेलं! नुसत्या पातळ होण्यानंच शोषण तिसऱ्या हिश्श्यानं उतरतं आणि माणूस त्याला विघटन समजतो. साठा ८० मिलिमोलरचा ठेवा आणि ५ मायक्रोलिटर घाला. एकूण भर ०.४२ मिलिलिटर, तेवढी चालते. थेंब पडतो तिथं क्षणभर तीव्रता फार असते, म्हणून बाटली लगेच दोनदा अलगद उलटीसुलटी करायची आणि परत ठेवायची. व्हॉर्टेक्स नको, फेस झाला की प्रोटीन बिघडतं.

८० मिलिमोलर कसं करायचं: ३० टक्क्यांची ताजी बाटली साधारण ९.८ मोलर असते. ०.८२ मिलिलिटर घेऊन १०० मिलिलिटर करा. पण लेबलवर विश्वास ठेवायचा नाही. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात बाटली बाहेर राहिली तर ताकद उतरलेली असते. साठा दहापट पातळ करून २४० नॅनोमीटरवर शोषण घ्या. शोषणाचा गुणांक ४३.६ प्रति मोलर प्रति सेंटिमीटर, म्हणजे ८ मिलिमोलरला ०.३५ यायला हवं. ०.२५ आलं तर त्या हिशोबानं साठा वाढवून घ्या. हे दर आठवड्याला करायचं.

एचआरपीची तीव्रताही वजनावरून धरू नका. ४०३ नॅनोमीटरवर गुणांक १०२ प्रति मिलिमोलर. शोषण ०.५ आलं की ४.९ मायक्रोमोलर, म्हणजे मिलिलिटरला ०.२२ मिलिग्रॅमच्या आसपास. ४०३ आणि २८० च्या शोषणाचं गुणोत्तर ३ च्या जवळ असेल तर माल शुद्ध. १ च्या आसपास असेल तर निम्म्याहून जास्त भलतंच प्रोटीन आहे. स्वस्तात मिळणारी पुडी बहुधा तशीच असते.

आणि एक कळकळीची विनंती. लांब प्रयोगाला बुरशी धरू नये म्हणून बफरमध्ये सोडियम अझाइड घालायची सवय असते. इथं घालू नका. अझाइड हीमला धरून बसतं आणि एन्झाइम बंद पाडतं. बफर ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा, बाटल्या ऑटोक्लेव्ह करा, बस.

सिंदफणा

सर, मॅडम, खूप आभार. हिशोब बघून धक्काच बसला. ०.१ मिलिग्रॅमच करतो. एन्झाइम नळी कशी तोडतं ते जरा उलगडून सांगाल का? मार्गदर्शक विचारणारच.

मांजराकाठ

एचआरपीच्या पोटात हीम आहे, त्यात फेरिक लोह. पेरॉक्साइड त्याला भेटलं की एका दमात दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं. लोह-ऑक्सो आणि भोवतीच्या पॉर्फिरिनवर एक मूलक, अशी जी अवस्था होते तिला संयुग-१ म्हणतात. संयुग-१ समोरच्या पदार्थाचा एक इलेक्ट्रॉन ओढतं आणि संयुग-२ होतं. आणखी एक ओढला की मूळ अवस्था. म्हणजे एका पेरॉक्साइडमागं दोन वेळा एकेक इलेक्ट्रॉन. नळीच्या पृष्ठभागावर त्यातून मूलक तयार होतात, ऑक्सिजन घुसतो, कडी तुटते. जिथं तुटली तिथं नवे कार्बॉक्सिल, आणि त्यांच्या काठानं पुढची तोड.

अडचण अशी की हीम प्रोटीनच्या आत दडलेलं आहे, उघडी असते ती त्याची एक कडा. नळी त्या कडेच्या जवळ आली तरच काम. कार्बॉक्सिल लावलेली नळी नीट टेकते. साधी, आम्लात न जाळलेली नळी एन्झाइमला भलत्याच बाजूनं चिकटते आणि हीम लांब राहतं. कागन-स्टार यांच्याच गटानं २००९ मध्ये दाखवलं की साध्या नळ्या एचआरपीनं तुटत नाहीत, पण हेमिन (म्हणजे सुटं हीम) किंवा फेरिक क्लोराइड पेरॉक्साइडसोबत दिलं तर तुटतात. कारण तिथं मोकळे मूलक पाण्यात फिरतात, टेकायची गरजच नाही. हा निकाल नियंत्रणं ठरवताना फार उपयोगी पडतो, गोदातीर सर त्यावर बोलतीलच.

जाता जाता: हॉर्सरॅडिश म्हणजे शेवगा नव्हे. शेवग्याला इंग्रजीत हॉर्सरॅडिशचं झाड म्हणतात, त्यामुळं काही मराठी लेखांत तसं छापलं गेलंय. हे एन्झाइम मोहरीच्या कुळातल्या एका तिखट कंदाच्या झाडाचं आहे, शेवग्याशी त्याचा संबंध नाही.

गोदातीर

नियंत्रणं. मार्गदर्शक पहिला प्रश्न यावरच विचारतील आणि विचारायलाच पाहिजे.

नळ्या, एन्झाइम, पेरॉक्साइड तिन्ही असलेली बाटली मुख्य. एन्झाइम नसलेली एक. पेरॉक्साइडऐवजी तेवढंच पाणी घातलेली एक. इथपर्यंत सगळेच करतात. चौथी बाटली लोहासाठी. एकपदरी नळ्या बनवताना लोह किंवा कोबाल्ट, निकेल वापरतात आणि ते आत शिल्लक राहतं. लोह अधिक पेरॉक्साइड म्हणजे फेंटनची अभिक्रिया, आणि ती एन्झाइमशिवाय नळी कुरतडते. म्हणून लोह पकडून ठेवणारं डीटीपीए १०० मायक्रोमोलर घालून एक जोडी चालवा. डीटीपीए असतानाही विघटन तेवढंच राहिलं तर ते एन्झाइमचं. आणि बोअरचं पाणी घरगुती डिस्टिलरमधून काढून वापरू नका. विद्यापीठातून अतिशुद्ध पाणी कॅनमध्ये आणा.

पाचवी बाटली उकळलेल्या एन्झाइमची. इथं बहुतेकांची फसगत होते. उकळल्यानं प्रोटीन उलगडतं, पण हीम कुठं जात नाही. ते बाहेर पडतं आणि मोकळं हेमिन होऊन स्वतःच नळी तोडू लागतं. वर मॅडमनी सांगितलेला २००९ चा निकाल हाच. उकळलेल्या बाटलीत विघटन दिसलं की विद्यार्थी घाबरून सगळा प्रयोग रद्द करतो. घाबरू नका, पण त्या बाटलीला ‘मेलेलं एन्झाइम’ म्हणून नियंत्रणही मानू नका. त्याऐवजी जिवंत एन्झाइम अधिक अझाइड अशी बाटली लावा. अझाइड मूलकांनाही थोडं पकडतं, म्हणून तिच्या जोडीला हीम नसलेलं प्रोटीन, म्हणजे बीएसए, वजनाला एचआरपीइतकंच घातलेली एक बाटली हवी. नुसतं प्रोटीन चिकटल्यानं वर्णपटात काय बदलतं ते तिच्यात कळतं.

प्रत्येकाच्या तीन प्रती. ०.१ मिलिग्रॅमवर आलात म्हणून हे परवडतं.

दुधना

फ्रीजबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडं लाइट जायचा भरवसा नाही, त्यात उन्हाळ्यात फ्रीज वारंवार उघडला जातो. बाटल्या थर्मोकोलच्या झाकणाच्या डब्यात, भोवती पाण्याच्या गोठवलेल्या नव्हे तर फक्त गार केलेल्या पिशव्या लावून ठेवा. बर्फाच्या पिशव्या भिडवल्या की कडेच्या बाटल्या गोठतात. गोठल्या की नळ्यांचे गठ्ठे होतात, ते परत सुटत नाहीत. डब्यात कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर ठेवा, रोज डोस देताना आकडा वहीत. अंधारासाठी फॉइल गुंडाळायलेत तर झाकणावरूनही गुंडाळा.

दर सोमवारी एन्झाइम जिवंत आहे का बघायचं. बाटलीतून १० मायक्रोलिटर काढून ग्वायकोल आणि पेरॉक्साइडमध्ये घाला, ४७० नॅनोमीटरवर एका मिनिटाची वाढ बघा. गुणांक २६.६ प्रति मिलिमोलर. पहिल्या दिवसाच्या निम्म्याखाली आलं की ताजं एन्झाइम भरायचं, आणि सगळ्या संबंधित बाटल्यांत सारखंच भरायचं.

सिंदफणा

आता मोजण्याबद्दल. समजा सहा आठवड्यांनी मुख्य बाटलीचं शोषण ४० टक्के उतरलं आणि बाकीच्यांचं नाही. मग?

गोदातीर

मग अजून काहीच सिद्ध झालं नाही. पहिला संशय तळाचा. नळ्या एन्झाइमसोबत गोळा होऊन खाली बसल्या की वरचं पाणी निवळतं आणि शोषण उतरतं. नमुना घेताना बाटली उलटीसुलटी करून मधून घ्या. काढलेल्या नमुन्यातच सोडियम कोलेट (नळ्या सुट्या करणारा एक साबण) १ टक्का घालून दहा मिनिटं बाथ सोनिकेटरला लावा आणि मग वाचा. मूळ बाटलीत साबणाचा थेंबही नको. साबण नळीला गुंडाळला की एन्झाइम टेकणार कुठं?

वर्णपटाचा आकार बघा, नुसता आकडा नको. सगळा वर्णपट सारख्याच प्रमाणात खाली आला, तर माल कमी झालाय: बसला, काचेला चिकटला किंवा पातळ झाला. अर्धवाहक आणि धातूसारख्या नळ्यांचे उंचवटे सपाट झाले पण मागचा उतार तसाच राहिला, तर पृष्ठभाग ऑक्सिडाइज झालाय, नळी मात्र अजून उभी आहे. दोन्ही गेलं, कोलेट घालूनही परत आलं नाही, तर विघटनाकडं बोट दाखवता येतं.

उंचवटे जाणं ही फार सोपी गोष्ट आहे, हे ठसवून सांगतो. नळीवर थोडेच दोष पडले तरी ते उंचवटे बुजतात. नळीचं वजन एक टक्कासुद्धा कमी झालेलं नसतं. शिवाय तुमच्या नळ्या आधीच आम्लात जाळलेल्या आहेत, त्यांचे उंचवटे पहिल्याच दिवशी अर्धेमुर्धे गेलेले असतात. नळ्या कोणत्या पद्धतीच्या हे पुरवठादाराला विचारून ठेवा. हायप्को (उच्च दाबाच्या कार्बन मोनॉक्साइडपासून केलेल्या) असतील तर दुसरी अर्धवाहक पट्टी ५५० ते ९०० नॅनोमीटरमध्ये येते, तुमच्या यंत्रात दिसते. विद्युतकमानीच्या असतील तर ती १००० च्या आसपास, म्हणजे अगदी काठावर.

रामनमध्ये १३५० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचा डी पट्टा आणि १५९० चा जी पट्टा. सुरुवातीला डी-जी गुणोत्तर चढतं, दोष वाढतात म्हणून. पुढं नळ्याच संपत आल्या की दोन्ही पट्टे पार्श्वभूमीत बुडतात आणि गुणोत्तर निरर्थक होतं. त्या वेळी गुणोत्तर ‘स्थिर झालं’ असं लिहिणं चूक. सिलिकॉनच्या चकतीवर थेंब वाळवा, ५२० चं सिलिकॉनचं शिखर संदर्भ धरा आणि जी पट्ट्याची उंची त्याच्याशी ताडा. थेंब वाळताना माल कडेला जमतो, म्हणून किमान दहा ठिकाणी मोजा. लेझर ५३२ नॅनोमीटरचा असेल तर प्रोटीनची चमक आड येते, ७८५ चा बरा. आणि त्रिज्या-स्पंदनाचे पट्टे, १०० ते ३०० मधले, एका लेझरला सगळ्याच नळ्यांचे दिसत नाहीत. एक पट्टा नाहीसा झाला म्हणजे त्या व्यासाच्या सगळ्या नळ्या गेल्या असं नाही.

मांजराकाठ

कार्बन डायऑक्साइड पकडला तर कुणी बोलू शकणार नाही. पण पीएच ७ ला तो बहुतांशी बायकार्बोनेट होऊन पाण्यातच राहतो. सीलबंद कुपीत थोडं फॉस्फोरिक आम्ल सुईनं सोडून मग वरची हवा गॅस क्रोमॅटोग्राफला द्यायची. नियंत्रण कुप्या त्याच दिवशी बंद केलेल्या हव्यात, नाहीतर खोलीतल्या हवेचाच वायू मोजाल.

खामकाठ

सिंदफणा यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येतो. माणसाच्या अंगात हे काम करणारं मुख्य एन्झाइम मायलोपेरॉक्सिडेज, एमपीओ. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या दाण्यांत ते ठासून भरलेलं असतं. पुवाला जी हिरवट झाक येते ती यातल्या हीमची. २०१० मध्ये कागन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एमपीओ एकपदरी नळ्या तोडतं, न्यूट्रोफिलच्या आतही तोडतं, आणि तोडलेल्या नळ्या उंदराच्या फुप्फुसात सोडल्यावर अखंड नळ्यांसारखा दाह होत नाही. मॅक्रोफेज या कण गिळणाऱ्या पेशींमध्येही ते घडतं, पण कमी. २०१२ मध्ये एमपीओ नसलेल्या उंदरांवर उलट बाजू तपासली गेली: त्यांच्या फुप्फुसातून नळ्या हळू निघाल्या आणि दाह जास्त झाला.

एचआरपी आणि एमपीओमधला फरक समजून घ्या. एमपीओचं संयुग-१ फार जोरकस आहे, १.३५ व्होल्ट. एचआरपीचं ०.९ च्या घरात. म्हणून एमपीओ मिठातल्या क्लोराइडचं हायपोक्लोरस आम्ल करतं, एचआरपी करू शकत नाही. आणि हायपोक्लोरस आम्ल एन्झाइम सोडून लांब जाऊन तोड करतं, टेकायची अट सुटते. म्हणजे दोन वाटा झाल्या: हीमजवळची मूलकांची आणि पाण्यातली क्लोरीनची.

याच घराण्यात इओसिनोफिल पेरॉक्सिडेज आहे, ते ब्रोमाइडवर भर देतं. लॅक्टोपेरॉक्सिडेज लाळेत, दुधात, श्वासनलिकेच्या स्रावात असतं आणि त्याला थायोसायनेट आवडतं. दोघांनीही एकपदरी नळ्या तुटतात हे दाखवलं गेलंय. मॅक्रोफेजकडं एमपीओ कमी, पण त्यांची वेगळी वाट आहे: सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड जुळून पेरॉक्सिनायट्राइट. २०१४ मध्ये ती समोर आली.

सिंदफणा

मग एमपीओच घेऊ का? बफर तेच चालेल?

खामकाठ

फॉस्फेट चालेल. पीएच ७.४, सोडियम क्लोराइड १४० मिलिमोलर, डीटीपीए ०.१ मिलिमोलर. ट्रिस बफर अजिबात नको. ट्रिसमध्ये अमाइन आहे, ते हायपोक्लोरस आम्ल गिळून क्लोरामाइन करतं आणि नळीपर्यंत काही पोचतच नाही. पेशी वाढवायच्या माध्यमात सीरम घालून प्रयोग लावला तरी तेच: मेथिओनिन, सिस्टीन आधी जळतात, नळ्या शाबूत. ‘एमपीओ काम करत नाही’ असे जे निकाल येतात त्यातले बरेच या एका चुकीतून येतात.

मिठानं नळ्या गोळा होतात. कार्बॉक्सिलचा ऋण भार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो, मीठ तो झाकतं. म्हणून नळ्या आधी बिनमिठाच्या पाण्यात सुट्या करा, एन्झाइम घाला, मीठ सगळ्यात शेवटी.

एमपीओची तीव्रता ४३० नॅनोमीटरवर, एका हीममागं ८९ प्रति मिलिमोलर. पेरॉक्साइड दिवसातून एकदा नाही, तासातासाला थोडं. हायपोक्लोरस आम्लानं एमपीओ स्वतःही भाजून निघतं, त्यामुळं एन्झाइम पुन्हा पुन्हा भरावं लागतं. खर्च इथं होतो. कोणती वाट किती काम करते ते वेगळं काढायला टॉरिन घातलेली एक बाटली ठेवा, टॉरिन क्लोरीनची वाट अडवतं. क्लोराइड नसलेली दुसरी. एमपीओ थांबवायला एबीएएच वापरतात.

माझं मत: बारा आठवडे एचआरपीवर करा, एमपीओचा एकच छोटा प्रयोग एका दिवसाचा लावा. एमपीओ माणसाच्या रक्तातून काढलेलं असतं, हातमोजे आणि रक्ताच्या नमुन्याचे नियम लागू.

बालाघाट

मंडळी, मी लातूरकडचा, बियाणं तपासणीच्या बाजूचा. सोयाबीनच्या टरफलात पेरॉक्सिडेज भरपूर असतं, वाण ओळखायला आम्ही तीच चाचणी लावतो. इथं डाळ-तेल गिरण्यांतून टरफलाचे ढीग पडलेले असतात. महाग एचआरपीऐवजी ते वापरता येणार नाही का?

मांजराकाठ

बालाघाट दादा, फार चांगला मुद्दा. सोयाबीनचं पेरॉक्सिडेज एचआरपीच्याच वर्गातलं आणि उष्णतेला त्याहून कितीतरी चिवट. पण काढा करून थेट नळ्यांवर ओतू नका. टरफलाच्या काढ्यात फिनॉल असतात आणि संयुग-१ त्यांच्यावर आधी तुटून पडतं. पेरॉक्साइड सगळं तिकडं खर्ची पडेल, पाणी तपकिरी होईल, त्या रंगात नळ्यांचं शोषण वाचताच येणार नाही. अमोनियम सल्फेटनं साका पाडा, डायलिसिस करा, आयन-विनिमय स्तंभातून काढा, ४०३ आणि २८० चं गुणोत्तर २ च्या वर आलं तर विचार करा. तोवर एचआरपीच्या शेजारी ठेवूनच, त्याच्या जागी नाही.

चाचणी मात्र सगळ्यांना सांगा. पदवीच्या मुलांना पेरॉक्सिडेज शिकवायला तिच्याइतकं स्वस्त काही नाही.

बालाघाट

सोपी आहे. एका दाण्याचं टरफल सोलून परीक्षानळीत. ०.५ टक्के ग्वायकोलचे दहा थेंब. दहा मिनिटं थांबायचं. मग ०.१ टक्का पेरॉक्साइडचा एक थेंब. मिनिटभरात विटकरी लाल आलं तर वाण होकारी, नाही आलं तर नकारी. टरफलाला डाळीचा तुकडा राहिला तर निकाल फसतो, आणि पेरॉक्साइड जुनं असलं तर सगळेच नकारी येतात. म्हणून माहितीतला एक होकारी दाणा दर वेळी सोबत लावायचा. गिरणीचं टरफल घ्यायचं तर भाजणीच्या आधीचं घ्या.

दुधना

सुरक्षेचं कुणी तरी ठामपणे लिहावं म्हणून लिहितो. कोरडी भुकटी वजन करताना पंखा, कूलर बंद. मे महिन्यात जीव नको होतो, तरी बंद. ही भुकटी काजळीपेक्षा हलकी उडते. अमेरिकेच्या नायॉश संस्थेनं २०१३ मध्ये सुचवलेली मर्यादा आहे घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम, आठ तासांच्या सरासरीनं. डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी ती ओलांडली जाते. पाण्यात पसरवलेल्या नळ्या विकत मिळतात, त्याच घ्या. भुकटीच असेल तर धुराच्या कपाटात, एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, दुहेरी हातमोजे. सांडलं तर ओल्या कापडानं टिपा, झाडू नाही. उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही. घट्ट झाकणाच्या बाटलीत साठवा आणि जाळायच्या कचऱ्यात द्या.

स्वतः कार्बॉक्सिल लावणार असाल तर गंधकाम्ल आणि नत्राम्ल ३:१, त्याला जबाबदार माणूस शेजारी लागतो. त्यापेक्षा तयार घ्या. आणि तयार घेतल्यावरही ०.२ मायक्रॉनच्या टेफ्लॉन पडद्यावर आधी सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडनं, मग पाणी पीएच ७ येईपर्यंत धुवा. आम्लात जळालेले छोटे तुकडे नळीला चिकटून असतात. ते आधी सुटून येतात आणि ‘विघटनाचे पदार्थ’ म्हणून क्रोमॅटोग्राफीत दिसतात.

खामकाठ

दुधना यांनी हवेचं सांगितलं, त्याला धरून. ‘शरीर नॅनोट्यूब पचवतं, म्हणजे त्या निर्धोक’ असा निष्कर्ष प्रबंधात लिहू नका. वरचं सगळं काम परीक्षानळी, पेशी आणि उंदीर यांच्यावरचं आहे, आणि बहुतेक ठिकाणी नळ्या आखूड, ऑक्सिडाइज केलेल्या. लांब ताठ तंतू मॅक्रोफेजला गिळताच येत नाही, तो अर्धा बाहेर राहतो आणि पेशी आतले दाणे बाहेर ओतत राहते. २००८ मध्येच लांब बहुपदरी नळ्यांनी उंदराच्या पोटाच्या पडद्यावर ॲस्बेस्टॉससारखा परिणाम दाखवला होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१४ मध्ये एमडब्ल्यूसीएनटी-७ या बहुपदरी नळीला २बी गटात, म्हणजे माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता या गटात, टाकलं. बाकीच्या नळ्या वर्गीकरण करता येत नाही या ३ ऱ्या गटात ठेवल्या.

बहुपदरी नळी एन्झाइमला बाहेरून आत पदर पदर सोलावी लागते. बाहेरच्या पदराला दोष असतील तिथं सुरुवात होते, आतल्या निर्दोष पदराशी काम अडतं. एकपदरीचे आठवडे बहुपदरीला लावू नका.

सिंदफणा

ग्राफीन ऑक्साइडवर हेच चालेल का? नळ्या वेळेवर आल्या नाहीत तर पर्याय म्हणून.

गोदातीर

चालेल, आणि दिसतंही छान. २०११ च्या कामात एचआरपी आणि ४० मायक्रोमोलर पेरॉक्साइडनं ग्राफीन ऑक्साइडच्या पत्र्याला भोकं पडत गेली, २० दिवसांत. क्षपण केलेल्या ग्राफीन ऑक्साइडला नाही पडली. इथंही ऑक्सिजनचे गट असलेला पृष्ठभागच तुटतो. एमपीओच्या बाबतीत २०१५ मध्ये दिसलं की पाण्यात नीट सुटं झालेलंच ग्राफीन ऑक्साइड तुटतं, गठ्ठ्याचं नाही. फक्त उजेडापासून जपा, पेरॉक्साइड आणि उजेड मिळून ग्राफीन ऑक्साइड एन्झाइमशिवायही खराब करतात.

सिंदफणा

सुधारलेला बेत लिहितो, चुकत असेल तर सांगा. नळ्या सोडियम हायड्रॉक्साइडनं धुतलेल्या, ०.१ मिलिग्रॅम १० मिलिलिटरला. बाटल्या: पूर्ण, पूर्ण अधिक डीटीपीए, एन्झाइमविना, एन्झाइमविना अधिक डीटीपीए, पेरॉक्साइडविना, अझाइडसह, बीएसएसह. प्रत्येकी तीन, एकूण २१. पेरॉक्साइडचा साठा ८० मिलिमोलर, रोज ५ मायक्रोलिटर. सोमवारी ग्वायकोल आणि साठ्याची तपासणी. ०, २, ४, ६, ९, १२ आठवड्यांना प्रत्येकी १ मिलिलिटर नमुना, कोलेट घालून वर्णपट, उरलेल्यातून रामन.

मांजराकाठ

सहा वेळा १ मिलिलिटर काढलंत तर बाटलीत ४ च राहतात आणि तरी डोस ५ मायक्रोलिटरच? दुसऱ्या नमुन्यानंतरच तीव्रता ५० मायक्रोमोलर होते आणि शेवटी शेवटी ७५ च्या वर जाते. एकतर प्रत्येक नमुन्यानंतर डोस उरलेल्या घनफळाच्या प्रमाणात कमी करा, किंवा नमुना ०.३ मिलिलिटरचा घेऊन छोट्या क्युव्हेटमध्ये वाचा. दुसरं बरं. आणि बीएसएच्या बाटलीतही रोजचं पेरॉक्साइड पडलं पाहिजे, ते तुमच्या यादीत लिहिलेलं नाही.

सिंदफणा

०.३ मिलिलिटर करतो, बीएसएमध्ये पेरॉक्साइड लिहून घेतलं. तरी शेवटच्या आठवड्यांत घनफळ थोडं घटेलच, म्हणून डोसच्या रकान्याशेजारी उरलेल्या घनफळाचा रकाना आखतोय.

दुधना

झाकणाला कोणतं रबर आहे तेही बघून घ्या. साधं काळं रबर पेरॉक्साइड खातं आणि पाण्यात कण सोडतं, ते टीईएममध्ये कार्बनसारखेच दिसतात. टेफ्लॉनची चकती असलेलं झाकण घ्या, २१ बाटल्या आणि चार जादा.